जागल आणि वॉच

वारणानगरच्या साखर कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या इसमास आपण 'वॉचमन' म्हणतो, आणि उसाच्या फडात रानडुकरांच्या भयाने रात्र काढणारा शेतकरी मात्र 'जागलीला' जातो. परंतु ही दोन्ही नावे, एक साहेबाचे व दुसरे मातीतले, मुळात एकाच कल्पनेतून निघाली आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 'वॉच' हा जागे होणे या अर्थाच्या 'वेक'चा सख्खा भाऊ असून, पाहण्याचा अर्थ त्यास मागाहून चिकटला. गावगाड्यातील जागल्याचे नावही डोळ्यांवरून नव्हे, जागरणावरून पडले. लॅटिनोद्भव 'व्हिजिलन्स'ची कथा निराळी नाही. आजच्या वापरापुरता मात्र 'सी' म्हणजे दिसणे, 'लुक' म्हणजे पाहणे, आणि 'वॉच' म्हणजे पाहत राहणे, एवढा विवेक राखला तरी पुरे.

'अलर्ट'चे कूळ अधिक मनोरम आहे. इटालियन भाषेतील 'चढावर, उंचावर' अशा अर्थाचा शब्दप्रयोग फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला. जवळच्या पन्हाळ्याच्या तटावर उभे राहिल्यास ही व्युत्पत्ती कोशावाचूनही उमगते. त्याच गडाखाली १६६० च्या जुलैत, पावसाळी रात्री, वेढा घालून बसलेल्या सिद्दी जौहरच्या चौक्यांमधून शिवाजी महाराज निसटले. पहाऱ्यास डोळे होते, न्यून होते ते जागेपणाचे.

टेहळणी करणारा 'स्काउट' तर, गंमत अशी की, मूळचा ऐकणारा. लॅटिनमधील त्याच्या धातूचा अर्थच कान देणे असा आहे.