बंजारच्या काठी पंगत

कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात येतं. तिथेच बंजार नदीकाठी ताज सफारीजचा 'बंजार टोला' आहे. १८ आलिशान तंबू, नऊ-नऊच्या दोन तळांत. दक्षिण आफ्रिकेच्या 'अँडबियाँड'च्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या या साखळीत पेंचचं बाघवन, बांधवगडची महुआ कोठी आणि पन्नाचा पाषाणगढही येतात.

इथे जेवणाच्या वेळा जंगल ठरवतं. पहाटे उजाडताच जिप्सी निघते, म्हणून न्याहारी डब्यात बांधून सोबत. दुपारचं जेवण दोन फेऱ्यांच्या मधे. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, उद्यान बंद.

अशा हॉटेलांत परदेशी पाहुण्यांना पास्ता, स्टेक कुठेही मिळेल. बालाघाटात ताटात यायलाच हवा तो चिन्नोर! २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा तांदूळ बारीक दाण्याचा, शिजताना घरभर दरवळणारा. भात मऊ, खिरीला तर अगदी जमून येणारा. पलीकडच्या गोंदियातही भातच पिकतो, त्यामुळे या सुगंधाचं मोल वैनगंगेच्या खोऱ्यातल्या मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. वाघ दिसेल न दिसेल, चिन्नोर मात्र आवर्जून मागा.