घरट्यावरचा डोळा

13 मार्च 2025 च्या रात्री दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो डोंगरात हिमवादळ सुरू झाले. तिथल्या बिग बेअर तळ्याकाठी एका जेफ्री पाइनच्या शेंड्याजवळ, जमिनीपासून सुमारे 145 फूट उंचीवर, बाल्ड ईगल जातीच्या गरुडांचे घरटे आहे. घरट्यात त्या वेळी तीन पिल्ले होती. सर्वांत मोठे जेमतेम दहा दिवसांचे. आई-बाप त्यांच्यावर पंख पसरून बसले होते आणि त्यांच्या पाठीवर बर्फ साचत होता. हे सगळे जगभरातले हजारो लोक आपापल्या घरी बसून पाहत होते, कारण झाडावर कॅमेरा आहे. तो अंधारात अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने दाखवतो. वादळ ओसरल्यावर मादी उठली तेव्हा तिच्याखाली दोनच पिल्ले हलताना दिसली.

या जोडप्याला जॅकी आणि शॅडो अशी नावे आहेत. कॅमेरा 2015 मध्ये तिथल्या ‘फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली’ या संस्थेने बसवला. पक्ष्यांचे फोटो काढणे आणि घरट्यावर रात्रंदिवस उघडा डोळा ठेवणे यांत मोठे अंतर आहे. फोटोत आपण क्षण निवडतो. घरट्यावरचा कॅमेरा काहीच निवडत नाही. बहुतेक वेळ पडद्यावर एक पक्षी अंड्यांवर बसलेला असतो आणि वारा वाहत असतो. तासन्‌तास दुसरे काही घडत नाही. मग एका मिनिटात सगळे घडते.

आधी नावाविषयी थोडे. ‘बाल्ड’ म्हणजे टकला असे आपण समजतो, पण या गरुडाचे डोके पांढऱ्या पिसांनी भरलेले असते. जुन्या इंग्रजीत या शब्दाला कपाळावर पांढरा ठिपका असलेला असाही अर्थ होता. आपल्याकडे तळ्यात पोहणाऱ्या एका काळ्या पाणपक्ष्याला त्याच्या पांढऱ्या कपाळावरून चांदवा म्हणतात, तसाच हा प्रकार. योगायोग असा की बिग बेअरच्या गरुडांच्या घरट्यात माशांखालोखाल जे भक्ष्य येते, त्यात या चांदव्याचा अमेरिकन भाऊबंद असतोच.

भक्ष्याचा हा मुद्दा संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पूर्वी शिकारी पक्षी काय खातात हे ठरवायचे तर पिल्ले उडून गेल्यावर घरट्यात चढायचे, उरलेली हाडे, पिसे आणि पक्ष्यांनी ओकून टाकलेले गोळे गोळा करायचे, ही पद्धत होती. तिच्यात एक खोट होती. मोठ्या पक्ष्यांची हाडे आणि पिसे टिकतात. छोटा मासा अख्खा गिळला जातो, पचतो, मागे काही ठेवत नाही. त्यामुळे हिशेब नेहमी एका बाजूला कलायचा. कॅमेऱ्यात मात्र घरट्यात काय आले, कोणी आणले, कोणाच्या चोचीत किती घास गेले, हे मोजता येते.

आता तीन अंड्यांचा हिशेब पाहू, कारण शिकारी पक्ष्यांच्या संसाराची किल्ली त्यात आहे. त्या वर्षी जॅकीने 22, 25 आणि 28 जानेवारीला अंडी घातली, म्हणजे दर अंड्यामागे तीन दिवसांचे अंतर. पण पहिले पिल्लू 3 मार्चच्या रात्री उशिरा बाहेर पडले आणि दुसरे 4 मार्चच्या पहाटे. तीन दिवसांचे अंतर काही तासांवर आले, ते कसे? पहिले अंडे घातल्यावर मादी त्याच्यावर सतत घट्ट बसत नाही. थंडीवाऱ्यापासून ते जपते, पण गर्भाची वाढ जोमाने सुरू व्हावी इतकी ऊब देत नाही. दुसरे अंडे आल्यावर उबवणे नेटाने सुरू होते. तिसरे अंडे मात्र चालू झालेल्या कामात येऊन पडते. ते पिल्लू 8 मार्चला निघाले, तेव्हा थोरली दोन चार दिवसांची झाली होती. या वयात चार दिवस फार असतात. थोरली मान सावरून घास मागतात. धाकट्याला अजून डोकेही धरता येत नाही.

घरट्यात भरपूर असेल तर तिघेही वाढतात. कमी असेल तर थोरल्यांची पोटे आधी भरतात आणि धाकटे मागे पडते. कधी भावंडेच त्याला टोचून मारतात. काही जातींत याला अन्नटंचाईचे निमित्तही लागत नाही. आफ्रिकेतल्या व्हेरो गरुडाचा अभ्यास झिंबाब्वेच्या माटोबो टेकड्यांत व्हॅलरी गार्गेट यांनी अनेक वर्षे केला. एका घरट्यात थोरल्या पिल्लाने धाकट्याला तीन दिवसांत दीड हजारांहून अधिक वेळा टोच मारल्याची त्यांची नोंद या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येते. त्या वेळी घरट्यात मांस पडलेले होते. आई जवळ होती आणि तिने मध्ये पडण्याचे काही कारण मानले नाही. दुसरे अंडे तिथे राखीव असते. पहिले फुटलेच नाही तर ते उपयोगी पडते. फुटले तर त्याची गरज संपते. कोरड्या शब्दांत हे पटते. पडद्यावर, ज्याला नाव आहे अशा पिल्लाच्या बाबतीत, ते पटवून घेणे जड जाते.

नाव ठेवण्याविषयी शास्त्रज्ञांची तक्रार जुनी आहे. नाव दिले की स्वभाव देतो, स्वभाव दिला की हेतू देतो. ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. बिग बेअरच्या प्रेक्षकांनी जॅकी-शॅडोला एकनिष्ठ नवरा-बायको ठरवले आहे, पण 2018 मध्ये शॅडो आला तेव्हा जॅकीचा आधीचा जोडीदार घरट्यावर होता आणि घरट्यात पिल्लू होते. नव्या नराने जुन्याला हुसकावले. जॅकी घरट्याला धरून राहिली. ज्यांनी हे पाहिले आणि तरीही नावांनिशी लक्षात ठेवले, त्यांना निष्ठेविषयी काहीतरी नवे कळलेच असणार. नावामुळे माणसे वर्षानुवर्षे पाहत राहतात. आणि वर्षानुवर्षे पाहिले की नावाबरोबर आलेल्या कल्पना हळूहळू झडतात.

न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात मैदानावरच्या दिव्याच्या खांबावर ‘बिग रेड’ नावाची लाल शेपटीची ससाणी घरटे करते. 2012 पासून तिच्यावर कॅमेरा आहे. पायातल्या कडीवरून तिचे वय ठाऊक आहे. कडी 2003 मध्ये चढवली गेली. 2017 च्या मार्चमध्ये तिचा नर एझ्रा जबर जखमी अवस्थेत सापडला आणि त्याला शांतपणे मरू द्यावे लागले. त्याच वर्षी बिग रेडच्या हद्दीत एक तरुण नर दिसू लागला आणि पुढच्या वर्षी दोघांनी पिल्ले वाढवली. शोक, पुनर्विवाह हे शब्द प्रेक्षकांचे. तिथल्या जीवशास्त्रात एवढेच आहे की एका पक्ष्याला अंडी उबवणे आणि शिकार आणणे ही दोन्ही कामे एकदम करता येत नाहीत.

पाहणाऱ्याला नुसते पाहणे किती कठीण जाते, याची उदाहरणे बरीच आहेत. 2016 मध्ये पिट्सबर्गजवळच्या घरट्यात गरुडांनी पिल्लांना भरवायला मांजर आणले आणि प्रेक्षक हादरले. आदल्या दिवसापर्यंतचे मासे आणि खारी कोणाला खटकल्या नव्हत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे ऑस्प्रेच्या घरट्यावर कॅमेरा होता. ऑस्प्रे म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडच्या धरणांवरही दिसणारा मासेखाऊ शिकारी पक्षी. तिथली मादी आपल्याच पिल्लांना टोचू लागली, तेव्हा पिल्ले काढून आणा म्हणून संस्थेवर इतका दबाव आणि धमक्यांचा मारा झाला की 2015 मध्ये कॅमेराच बंद करण्यात आला.

मिनेसोटातली गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 2014 मध्ये तिथल्या राज्य सरकारच्या कॅमेऱ्यावर गरुडाचे एक पिल्लू घरट्यात अडकून पडलेले दिसले. निसर्गात ढवळाढवळ नको, हे खात्याचे धोरण. लोकांच्या फोनांचा रेटा वाढला, शेवटी पिल्लू खाली आणले. पंख मोडलेला होता, अंगात जंतुसंसर्ग पसरला होता. त्याला मरण द्यावे लागले. ढवळाढवळ करून काय साधले, असे एक बाजू विचारते. त्याचे हाल थोडे कमी झाले, असे दुसरी म्हणते. मी पहिल्या बाजूकडे झुकतो, पण एका अटीवर: दुखापत माणसामुळे झालेली नसेल तरच. मासेमारीच्या दोऱ्यात पाय अडकलेल्या पिल्लासाठी झाडावर चढावे. हिमवादळासाठी चढू नये. शिवाय चढण्याचा धोका त्या एका पिल्लापुरता नसतो. वयात आलेली भावंडे माणूस पाहून घाबरून वेळेआधी उडी मारतात. कॅमेरेसुद्धा म्हणूनच विणीचा हंगाम नसताना बसवतात. मध्येच बिघडले तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायचे.

कॅमेऱ्याच्या आधीही घरट्यांवर डोळे होते आणि त्यांनीच या पक्ष्याला वाचवले. कॅनडातल्या विनिपेगचे बँक मॅनेजर चार्ल्स ब्रोली निवृत्तीनंतर, साठीच्या घरात असताना, फ्लोरिडात गरुडांच्या पिल्लांना कड्या घालू लागले. ते 1939 साल. दोर आणि शिड्या घेऊन ते स्वतः झाडांवर चढत. पुढे 1947 च्या सुमारास त्यांना घरट्यांत पिल्ले कमी दिसू लागली, मग जवळजवळ दिसेनाशी झाली. त्यांनी डीडीटीकडे बोट दाखवले. रेचेल कार्सन यांनी 1962 च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये त्यांच्या नोंदींचा आधार घेतला. पुढे ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतली जुनी अंडी तपासून दाखवले की डीडीटीच्या काळात शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली होती. उबवायला बसलेल्या आईच्या वजनानेच ती फुटत. 1963 मध्ये अमेरिकेच्या मुख्य 48 राज्यांत बाल्ड ईगलची 417 जोडपी मोजली गेली होती. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली, 2007 मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला आणि 2021 च्या सरकारी अंदाजात घरटी करणाऱ्या जोडप्यांची संख्या 71 हजारांच्या पुढे होती.

आपल्या गिधाडांचे काय झाले ते इथे आठवावेच लागते. भरतपूरच्या अभयारण्यातली रिकामी होत चाललेली घरटी बीएनएचएसचे विभू प्रकाश यांना दिसली, तीही ऐंशीच्या दशकातल्या त्यांच्याच जुन्या मोजणीशी ताडून पाहता आल्यामुळे. कारण डायक्लोफिनॅक हे गुरांचे औषध आहे हे 2004 मध्ये उघड झाले आणि भारतात त्यावर 2006 मध्ये बंदी आली. तोवर तीन जातींची 95 टक्क्यांहून अधिक गिधाडे गेली होती. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते.

बिग बेअरला परत येऊ. 2024 मध्येही जॅकीने तीन अंडी घातली होती. फेब्रुवारीच्या एका वादळात ती सलग सुमारे 62 तास जागची हलली नाही. अंडी साधारण 35 ते 38 दिवसांत फुटायला हवीत. दोघे दोन महिन्यांहून अधिक काळ आळीपाळीने बसले. एकही फुटले नाही. कॅमेऱ्यात दिसत होते ते असे की बसण्याच्या वेळा दर दिवशी थोड्या थोड्या कमी होत गेल्या. पक्ष्याला ‘आता पुरे’ हे कसे कळते, ते पाहून सांगता येत नाही, पण कळण्याची गती दिसते. ती हळू असते.

2025 च्या वादळातून वाचलेल्या दोघांना तिथल्या शाळेतल्या मुलांनी सनी आणि गिझ्मो अशी नावे दिली. गेलेल्या पिल्लाला मागाहून मिस्टी म्हटले गेले. सनी 2 जूनला उडाली, गिझ्मो 7 जूनला. डोके पांढरे व्हायला अजून चार-पाच वर्षे लागतील, आणि तोपर्यंत त्या गडद तपकिरी पक्ष्यांना गर्दीतून ओळखणे कठीण आहे. कॅमेरा झाडाला बांधलेला आहे. तो त्यांच्यामागे जात नाही. ज्या तळ्यातून त्यांचे मासे आले त्याच्या काठावर, फॉनस्किन गावाजवळ, घरबांधणीचा प्रकल्प होऊ घातला आणि त्याविरुद्ध उभी राहिली ती कॅमेरा चालवणारी हीच संस्था. पिल्लांसाठी रात्र जागवणारे प्रेक्षक त्या जमिनीसाठीही पैसे देऊ लागले. पडद्यावर कधीच न दिसलेल्या घरट्यांच्या वाट्याला असे कोणी येत नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे दिवाळीच्या दिवसांत रात्री आठला तिथे सकाळ झालेली असते. शरद ऋतूत ही जोडी घरट्याची डागडुजी सुरू करते. शॅडो आपल्या अंगाहून लांब काटकी आणतो, ती घरट्यात आडवी बसत नाही, जॅकी ती चोचीत धरून दुसऱ्या कडेला ओढते, आणि तो परत जाऊन आणखी एक आणतो.