चांदीच्या गावातले धंदे

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातले व्हर्जिनिया सिटी हे गाव १८५९ साली चांदी सापडली म्हणून वसले. एरवी तिथे वस्ती होण्याचे काहीच कारण नव्हते. माउंट डेव्हिडसन या उघड्याबोडक्या डोंगराच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२०० फुटांवर, ना शेतीला जमीन होती ना पुरेसे पाणी. तरीही पंधरा-सोळा वर्षांत हे गाव आणि शेजारचे गोल्ड हिल मिळून लोकवस्ती वीस हजारांच्या घरात गेली. मीठ, पीठ, लाकूड, बर्फ, पारा, खिळा, वर्तमानपत्राचा कागद, सगळे बाहेरून आणावे लागे. चांदीपेक्षा ही आणण्या-पुरवण्याची साखळीच या गावाची खरी रचना समजावून देते.

आरंभीचा धंदा कस लावणाऱ्यांचा. पीटर ओ'रायली आणि पॅट्रिक मॅक्लॉफ्लिन हे दोघे आयरिश इथे माती धुऊन सोने काढत होते. निळसर काळा चिकट गाळ त्यांच्या चाळण्या तुंबवी आणि ते तो शिव्या देत फेकून देत. १८५९च्या उन्हाळ्यात त्यातला नमुना सिएरा नेव्हाडा पर्वत ओलांडून कॅलिफोर्नियात तपासायला गेला, तेव्हा तो गाळ म्हणजे उंची चांदीचे खनिज असल्याचे कळले. हेन्री कॉमस्टॉक या बडबड्या माणसाने आपलाही हक्क सांगितला आणि शिरेला त्याचेच नाव पडले, ‘कॉमस्टॉक लोड’. शोधकर्त्यांनी आपले हिस्से लवकरच विकून टाकले आणि पुढच्या अफाट संपत्तीतले त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. यानंतर खडकाचा तुकडा भट्टीत वितळवून टनामागे चांदी किती ते सांगणाऱ्यांच्या कचेऱ्या भराभर उघडल्या. गिऱ्हाइकाला खूश करणारा आकडा देण्याचा मोह त्यांच्यातल्या काहींना होई. प्रतिस्पर्ध्यांनी सुताराच्या धार लावायच्या दगडाचा तुकडा पाठवला आणि त्यातही भरपूर चांदी ‘निघाली’, असा नेव्हाडातल्या एका पारख्याचा किस्सा मार्क ट्वेनने रंगवून सांगितला आहे.

कस लागला की वकील आले. जमिनीखाली शीर एकच आहे की अनेक, यावर कोणाची हद्द कुठवर हे ठरणार होते, आणि याच मुद्द्यावर पहिली काही वर्षे खटल्यांचा नुसता पाऊस पडला. साक्षीदार विकत घेतले जात, पंचांवर दडपण येई. खाणमालकांकडून लढणारा विल्यम स्ट्यूअर्ट या वकिलीत गबर झाला, १८६४ साली नेव्हाडाला राज्याचा दर्जा मिळताच सिनेटर झाला आणि १८६६च्या खाण कायद्यामागचा प्रमुख माणूस ठरला.

खाणीची सर्वांत मोठी भूक लाकडाची होती. इथली शीर अरुंद नव्हती. काही ठिकाणी ती इतकी रुंद आणि खडक इतका भुसभुशीत होता, की नेहमीचे खांब-तुळया लावून छत तरेना. ऑफिर खाणीने १८६० साली फिलिप डाइडेसहाइमर या जर्मन अभियंत्याला बोलावले. त्याने जाड ओंडक्यांच्या चौकटी एकमेकींत अडकवून मधाच्या पोळ्यासारखे घर रचण्याची युक्ती काढली: खनिज काढावे, मोकळ्या जागेत चौकट बसवावी, तिच्यावर आणि शेजारी पुढची. या पद्धतीचे पेटंट त्याने घेतले नाही. जगभरच्या खाणींनी ती उचलली. पण तिची किंमत जंगलांनी मोजली. खाणीत गाडले जाणारे लाकूड वेगळे आणि वाफेच्या यंत्रांत जळणारे वेगळे. जवळची झाडे संपल्यावर लेक टाहोच्या काठावरचे डोंगर उघडे पडू लागले.

त्या लाकडावर एक स्वतंत्र उद्योग उभा राहिला. ग्लेनब्रूकला आरागिरण्या घरघरू लागल्या. फळ्यांच्या इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या पन्हळी बांधून त्यांतून पाण्याच्या धारेबरोबर ओंडके खाली सोडले जात. एका कंपनीची अशी पन्हळ १५ मैल लांब होती. १८७५ साली जेम्स फेअर आणि जेम्स फ्लड हे तिचे कोट्यधीश मालक एका पत्रकाराला घेऊन छोट्या होडग्यातून तिच्यातून घसरत खाली आले. अर्ध्या तासाच्या आसपास चाललेल्या या प्रवासात सगळे भिजले, खरचटले, आणि पत्रकाराला मात्र आयुष्यभर पुरेल असा मजकूर मिळाला.

खनिजातून चांदी वेगळी करणाऱ्या गिरण्यांना पाणी आणि जळण लागे. म्हणून त्यांतल्या बऱ्याच खाली कार्सन नदीकाठी गेल्या. लोखंडी मुसळांनी खडकाचे पीठ करायचे, ते वाफेने तापवलेल्या लोखंडी कढयांत पाण्याबरोबर घुसळायचे आणि त्यात पारा, मीठ आणि मोरचूद घालायचे. चांदी पाऱ्याला चिकटे. तो गोळा कापडातून पिळून भट्टीत तापवला की पारा उडून जाई आणि मागे चांदी उरे. उडालेला पारा गार करून पुन्हा वापरत. पण गाळाबरोबर कितीतरी पारा वाहून जाई. कार्सन नदीच्या तळाशी तो आजही आहे आणि सरकारच्या प्रदूषित स्थळांच्या यादीत तिचे नाव आहे.

या एका कृतीने दूरदूरचे धंदे पोसले. पारा कॅलिफोर्नियातल्या न्यू अल्मादेनच्या खाणीतून येई. मीठ वाळवंटातल्या खाऱ्या दलदलींतून. काही काळ ते वाहायला चक्क उंट आणले गेले. मालकांना उंट स्वस्त पडले. रस्त्यावरच्या खेचरांना त्यांचा वाससुद्धा सहन होत नसे. खेचरे उधळत, गाड्या उलटत. अखेर १८७५ साली नेव्हाडाच्या विधिमंडळाने सार्वजनिक रस्त्यांवर उंट मोकळे फिरवण्यास बंदी केली.

रेल्वे येण्याआधी मालवाहतूक म्हणजे खेचरांच्या लांबलचक जोड्या. सिएरा ओलांडून येणाऱ्या पथकराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागे. त्या रांगेवर नालबंद, चाके बनवणारे, चामड्याचे साज शिवणारे, गवत विकणारे शेतकरी आणि मैलामैलावरचे सरायवाले जगत. खाली कार्सन खोऱ्यात आणि ट्रकी नदीच्या काठी जी शेती वाढली ती बटाटे, गवत आणि मांस डोंगरावर पाठवण्यासाठीच.

या सगळ्यावर हात ठेवण्याची कल्पना एका बँकेला सुचली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बँक ऑफ कॅलिफोर्नियाने १८६४ साली विल्यम शॅरनला व्हर्जिनिया सिटीत बसवले. गावात कर्जाचे दर याहून बरेच चढे असताना शॅरन महिना दोन टक्क्यांनी पैसा देई. गिरणीवाल्यांनी भराभर कर्जे उचलली. मंदी आली, हप्ते थकले, आणि एकामागून एक गिरणी बँकेच्या ताब्यात गेली. १८६७ साली त्या सगळ्या एका कंपनीत गुंफण्यात आल्या. खाणींच्या संचालक मंडळांवर बँकेचीच माणसे असल्याने खनिज कोणत्या गिरणीत जायचे हेही बँकच ठरवी. पुढचे पाऊल रेल्वेचे. व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेचे काम १८६९ साली सुरू झाले आणि जानेवारी १८७० मध्ये गाडी गावात आली. २१ मैलांच्या या वळणावळणाच्या मार्गासाठी दोन काउंट्यांनी मिळून ५ लाख डॉलरांचे रोखे दिले. फायदा मात्र शॅरन आणि त्याच्या भागीदारांचा. लोकांच्या पैशाने खासगी लोहमार्ग बांधण्याची ही चलाखी त्या काळात नवी नव्हती, पण इतक्या सफाईने क्वचितच झाली असेल. वाहतूकदरांत मोठी घट झाली आणि खेचरवाल्यांचा धंदा या मार्गावर बसला.

पाण्याचे दुर्भिक्ष्य सर्वांत चमत्कारिक. खाणी खोल जात तसे त्यांत उकळते म्हणावे असे गरम पाणी लागे, आणि वर गावात पिण्याला धड पाणी नसे. खालचे पाणी उपसायला अवाढव्य पंप, कामगारांना थंड करायला गाड्या भरभरून बर्फ. हिवाळ्यात सिएरातल्या तळ्यांवरचा बर्फ कापून साठवणे हाही इथे मोठा व्यापार झाला. पिण्याच्या पाण्यासाठी हर्मन शुस्लर या अभियंत्याने १८७३ साली सिएरातून पाणी आणले. वाटेत वाशो खोरे होते. त्यात सुमारे ७ मैलांचा लोखंडी नळ खाली उतरवून पलीकडे चढवला गेला. तळाशी पाण्याचा दाब इतका, की तोवर जगात कुठल्याही नळाने एवढा सोसला नव्हता. पाणी आल्यावर गावाने तोफा आणि आतषबाजी यांनी त्याचे स्वागत केले असे नमूद आहे.

खाणींचे शेअर सुरुवातीला ‘फुटां’त मोजत: शिरेच्या लांबीचे इतके फूट तुमचे. १८६२ साली सॅन फ्रान्सिस्कोत शेअर बाजार उघडला आणि गावातला कारकून, धोबीण, खानावळवाली, सगळेच सट्ट्यात उतरले. १८७३ साली कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया खाणीत ‘बिग बोनान्झा’ नावाने ओळखला जाणारा प्रचंड साठा लागला. त्याचे चार मालक आयरिश वंशाचे: मॅके आणि फेअर खाणीतले, तर फ्लड आणि ओब्रायन सॅन फ्रान्सिस्कोतले दारूचे दुकानदार. दारूच्या गल्ल्यावर दलालांच्या गप्पा ऐकत ते शेअर बाजार शिकले. या चांदीचे धक्के दूरवर बसले. जर्मनीसारख्या देशांनी चांदीची नाणी मोडीत काढणे आणि नेव्हाडाच्या खाणींचा पुरवठा अशा कारणांनी चांदी उतरत गेली आणि चांदीचाच असलेला हिंदुस्थानचा रुपया १८७१च्या सुमारच्या जवळपास २ शिलिंगांवरून १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. त्याच वर्षी मुंबईच्या टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद झाले.

गावातल्या किरकोळ धंद्यांचा पाया मात्र शेअर नव्हे, तर खाणकामगाराचा रोज होता. १८६७ साली बांधलेल्या कामगार संघटनेने जमिनीखाली उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवसाला ४ डॉलर मिळवून दिले आणि पुढे आठ तासांची पाळीही आली. देशाच्या पूर्वेकडच्या मजुराला याच्या निम्मे मिळणेही कठीण. तीन पाळ्यांमुळे गाव झोपत नसे आणि दुकानेही नाहीत. पहाटे सुटलेल्या पाळीला न्याहारी आणि पेला दोन्ही हवे असत. सत्तरीच्या दशकात दारूची दुकाने शंभराहून जास्त होती. त्यांतली काही पेलाभर पिऊन निघण्याची, तर काही गालिचे, आरसे आणि गॅसचे दिवे असलेली. विल्यम ब्राउन या कृष्णवर्णीय माणसाचे ‘बॉस्टन सलून’ १८६४ ते १८७५ चालले. २००० साली तिथे उत्खनन झाले तेव्हा उत्तम प्रतीच्या मांसाची हाडे आणि टबॅस्को सॉसची जुनी बाटली निघाली. अशा दुकानांत वाईटसाईट माल मिळे हा समज त्याने खोडून काढला.

एकट्या पुरुषांच्या गावात पोटाची आणि कपड्यांची सोय हाच बायकांचा मुख्य व्यवसाय. खानावळी, भाड्याच्या खोल्या, शिवणकाम यांवर कितीतरी विधवांचे संसार चालले. गोल्ड हिलची खानावळवाली आयली ओरम हिला एका चिमूटभर जमिनीच्या हिश्शाने कोट्यधीश केले आणि नंतर ती कफल्लकही झाली. डी स्ट्रीटच्या आसपास वेश्यावस्ती होती. त्यातली जुलिया बुलेट १८६७ साली खून होऊन मेली आणि तिच्या नावाभोवती इतक्या दंतकथा जमल्या, की खरी बाई त्यांत हरवून गेली. कपडे धुणे मुख्यतः चिनी लोकांकडे. संघटनेने त्यांना खाणीत पाऊल टाकू दिले नाही. रेल्वेच्या भरावाचे काम त्यांनी केले तेव्हाही खाणकामगार मोर्चा घेऊन गेले. म्हणून धोबीकाम, स्वयंपाक, जडीबुटी, सरपण विकणे हेच त्यांना उरले. शेजारच्या रीनोत जेकब डेव्हिस नावाचा शिंपी मजुरांच्या पँटींच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकू लागला. लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याबरोबर त्याने १८७३ साली त्याचे पेटंट घेतले. आजची जीन्स ती हीच.

वर्तमानपत्रांपैकी ‘टेरिटोरियल एंटरप्राइझ’ सर्वांत धीट. १८६२ साली तिथे रुजू झालेल्या सॅम्युएल क्लेमेन्सने पुढच्याच वर्षी ‘मार्क ट्वेन’ ही सही वापरायला सुरुवात केली. नव्या खाणीचे चार चांगले शब्द छापले, की वार्ताहराला तिचे काही फूट भेट मिळत, हेही त्याने कबूल केले आहे. जॉन पायपरच्या नाट्यगृहात युरोपातून आलेले गायकही हजेरी लावीत.

२६ ऑक्टोबर १८७५ च्या आगीत सुमारे दोन हजार इमारती खाक झाल्या. खाणी तेव्हा भरात असल्याने सुतार, गवंडी आणि विटांच्या भट्ट्यांना महिनोन्महिने उसंत मिळाली नाही, आणि १८७७ साली सहा मजली इंटरनॅशनल हॉटेल लिफ्टसह उभे राहिले. ते उभे राहत असतानाच खनिज पातळ होऊ लागले. १८७८ साली अ‍ॅडॉल्फ सुट्रोचा खाणींतल्या पाण्याचा निचरा करणारा चार मैलांचा बोगदा पूर्ण झाला, तोवर उशीर झाला होता. शहाण्या सुट्रोने आपले शेअर विकून काढता पाय घेतला. ऐंशीच्या दशकात दुकानांना कुलपे लागत गेली. रेल्वे १९५० साली पूर्ण बंद झाली आणि हॉटेल १९१४ साली जळाले. आज गावात हजारही माणसे राहत नाहीत आणि पर्यटक हाच मुख्य धंदा. शुस्लरने सिएरातून आणलेली पाणीयोजना मात्र राज्य सरकारच्या ताब्यात असून व्हर्जिनिया सिटीला अजूनही तिचेच पाणी मिळते.