डेटाबेस निवांत, तरी पान फिरतंच

एकट्याने तपासलं तेव्हा सगळं सुरळीत होतं. शंभरेक जण एकदम आले आणि पान नुसतं फिरत राहिलं. सर्व्हर पाहावा तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा, डेटाबेसही निवांत. अशा वेळी काम बहुतेकदा अडलेलं असतं दोघांमधल्या कनेक्शनपाशी.

दर वेळी नवं कनेक्शन उघडणं महाग पडतं. पोस्टग्रेस तर प्रत्येकासाठी वेगळी प्रोसेस सुरू करतो. म्हणून मोजकी कनेक्शनं पूलमध्ये उघडून ठेवतात. थ्रेडने एक घ्यायचं, काम झालं की परत करायचं. जावामध्ये टॉमकॅट मुळात 200 थ्रेडपर्यंत जातो, हिकारीसीपी पूलमध्ये मात्र मुळात 10च कनेक्शनं. ही तफावत दोष नव्हे. कनेक्शन 5 मिलिसेकंदांत परत येत असेल, तर दहांवर सेकंदाला 2000 कामं उरकतात. पण ते हातात धरूनच थ्रेड एखाद्या पेमेंट सेवेच्या उत्तरासाठी 2 सेकंद थांबला, की हाच आकडा 5वर येतो!

त्याहून वाईट गळती. मध्येच एरर येतो, कनेक्शन परत करणारी ओळ चालतच नाही. अशी दहा गेली की पुढचा थ्रेड 30 सेकंद ताटकळतो आणि टाइमआउट होतो. रीस्टार्ट केलं की पुन्हा सुरळीत, त्यामुळे खरं दुखणं महिनोन्‌महिने लपून राहतं.

इथे पहिला हात पूल वाढवण्याकडे जातो, आणि तोच घातक आहे. गळती तशीच राहते, कोसळणं फक्त लांबतं. शिवाय पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100, मायएसक्यूएलची 151. दोन-तीन ॲप सर्व्हरनी मोठे पूल उघडले की डेटाबेसच दार लावतो.

आधी शोधावं, कनेक्शन धरून कोण बसलंय. रीस्टार्ट करण्यापूर्वी, सगळं अडकलेलं असतानाच थ्रेड डंप घ्यावा. पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसलं, तर कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून तसंच सोडलंय. हिकारीची गळती पकडणारी सेटिंग मुळात बंद असते; ती चालू केली की ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त अडवलेलं कनेक्शन कोडमध्ये कुठे घेतलं होतं, ते लॉगमध्ये उमटतं.

मला सर्वांत भीती वाटते ती एकच कनेक्शन सगळ्या थ्रेडना वाटून देण्याची. एकाचं कमिट दुसऱ्याचं अर्धवट काम पक्कं करून टाकतं. एरर येईलच असं नाही. एका खात्यातून पैसे गेलेले, दुसऱ्यात जमा नाहीत, एवढंच नंतर हिशेबात सापडतं.