खवळलेल्या पाण्यातील पहिली पाच मिनिटे

नायगावातील एखाद्या घरात पहाटेच दिवा लागतो. चाळिशी ओलांडलेला मुलगा पाठीला पिशवी लावतो, आवाज न करता दार ओढून घेतो आणि टिळक पूल ओलांडून शिवाजी पार्कच्या जलतरण तलावाकडे निघतो. हे दृश्य कदाचित आपल्याही घरचे असेल. चौकशी केली, तर उत्तर मिळते, "गोव्याला ट्रायथलॉन आहे." मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेल्या 'आयर्नमॅन ७०.३' या स्पर्धेत आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे. "काळजी करू नका, त्यातले पोहणेच सर्वांत कमी आहे," अशी समजूतही घातली जाते.

अंतर कमी आहे, हे खरे. तरीही आपली काळजी अस्थानी नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांत १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदय अकस्मात बंद पडण्याच्या घटना यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. त्यांत पुरुषांची संख्या फार मोठी होती आणि सरासरी वय ४७च्या आसपास होते. एकंदर धोका लाखात दोनहून कमी स्पर्धकांना, म्हणजे फार नाही. परंतु साठीपुढील पुरुषांत तो कितीतरी पटींनी वाढलेला दिसला. म्हणून हा मजकूर मुलाला निरोप देणाऱ्या आपल्यासाठी आहे, तसाच आपण स्वतः उतारवयात समुद्रात पोहू इच्छीत असाल, तर आपल्यासाठीही आहे.

तलावात तळाशी पट्टी दिसते, कडेला कठडा असतो, दमल्यावर पाय टेकतात. समुद्रात यांतले काहीच नसते. पाणी गढूळ, दिशा अस्पष्ट, आजूबाजूला इतरांचे हातपाय, आणि श्वास घ्यायला तोंड उघडावे तर नेमकी लाट आत शिरते. थंड देशांत पोहणाऱ्याच्या अंगात तरंगायला मदत करणारा जाड रबरी पोशाख असतो. आपल्या कोमट समुद्रात तोही नसतो.

अशा वेळी शरीरात काय घडते, ते समजून घेण्याजोगे आहे. पाण्याच्या दाबाने पायांतील बरेचसे रक्त छातीकडे ढकलले जाते आणि हृदयावर व फुप्फुसांवर भार येतो. चेहरा पाण्याखाली गेला आणि श्वास रोखला, की हृदयाची गती मंद करणारी उपजत प्रतिक्रिया जागी होते. त्याच क्षणी भीती आणि श्रम हृदयाला वेगाने पळवू पाहतात. हृदयाला एकाच वेळी दोन परस्परविरोधी आज्ञा मिळतात. निरोगी माणूस हे बहुधा सहज निभावून नेतो. ज्याच्या हृदयात न कळलेला दोष आहे, त्याची लय बिघडू शकते. शिवाय घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो, सोडत नाही. छाती हवेने भरलेली असूनही त्याला हवा मिळत नाही असे वाटते, आणि तो अधिकच धडपडतो. हे सारे बहुतेकदा सुरुवातीच्या काही मिनिटांत घडते.

तेव्हा करायचे काय? थांबायचे. हे ऐकायला फार सोपे वाटते, पण स्पर्धेच्या धुंदीत हेच सर्वांत अवघड जाते. पाठीवर उलटे व्हावे, कान पाण्यात बुडू द्यावेत, हात पसरावेत आणि श्वास घेण्याकडे नव्हे, तर सोडण्याकडे लक्ष द्यावे. ओठांचा चंबू करून, गरम दुधावर फुंकर घालतो तसा, हळूहळू. असे दहा श्वास झाले, की बहुतेकांचे चित्त ठिकाणावर येते. मग काही हात मान वर ठेवून सावकाश मारावेत आणि त्यानंतरच नेहमीची लय धरावी. छातीत दुखले, धाप ओसरेना किंवा खोकला येऊ लागला, तर मात्र पुन्हा सुरुवात करायची नाही. हात उंच करून सुरक्षारक्षकाला बोलवायचे.

येथे एक नियम आपण मुलाला आवर्जून विचारावा. पोहण्याच्या मार्गावर कयाक घेतलेले रक्षक असतात. त्यांच्या कयाकला धरून विसावा घेतला, तर स्पर्धक बाद होत नाही. तिचा आधार घेऊन पुढे मात्र सरकायचे नसते. अनेक नवख्यांना हे ठाऊक नसते आणि बाद होण्याच्या भीतीने ते हात वर करत नाहीत. मला तर वाटते, सरावाच्या शंभर फेऱ्यांपेक्षा हे एक वाक्य अधिक मोलाचे आहे.

लाटांचे तंत्र प्रशिक्षक शिकवतीलच. फुटणारी लाट छातीवर घेऊ नये, तिच्याखालून जावे. वारा ज्या बाजूने येतो, तिच्या विरुद्ध बाजूला श्वास घ्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याची सवय आधीच हवी. सुरुवातीला गर्दीच्या मध्यभागी न राहता कडेने निघावे.

समुद्र ओळखणे ही मात्र आपल्या पिढीला अधिक ठाऊक असलेली गोष्ट. उधाण आणि भांग हे शब्द आता मुलांच्या तोंडी नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीत पाण्याला जोराची ओढ असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती त्या मानाने सौम्य. पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात आणि पाणी निवांत असते; ऊन चढले, की खारे वारे सुटतात आणि लाटा उठतात. म्हणून सराव सकाळीच करावा. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे देते; ते पाहिल्यावाचून कोणी पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात तर दादर चौपाटीवर सराव करण्याचा विचारही नको.

ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे थेट झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग वळावे. पहिला सागरी अनुभव स्पर्धेच्याच दिवशी घेणे हा तर शुद्ध अविचार आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते. तिथे लहान अंतरांचे गटही असतात. अशा ठिकाणी आधी एकदा खारे पाणी नाकातोंडात जाऊ द्यावे.

ज्येष्ठ वाचकांनी मिलिंद सोमण यांचे उदाहरण जपून द्यावे. त्यांनी २०१५ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, झुरिच येथे पूर्ण आयर्नमॅन पार केली, हे कौतुकास्पदच आहे. पण तारुण्यात ते राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू होते. पन्नाशीनंतर पोहणे शिकणाऱ्याने आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, रक्तदाब आटोक्यात आहे ना ते पाहावे आणि चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. स्पर्धेच्या दिवशी कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. 'पाणी कमी पडू नये' म्हणून उतरण्यापूर्वी लिटरभर पाणी पिण्याचीही गरज नसते. त्याने छातीवरचा भार वाढू शकतो.

आपण किनाऱ्यावर उभे असाल, तर समुद्राकडे पाठ करून गुडघाभर पाण्यात थांबू नका. सावलीत बसा, टोपी घाला. मुलाच्या टोपीचा रंग आणि क्रमांक लिहून ठेवा, त्याच्या औषधांची यादी जवळ असू द्या. त्याला सत्तर मिनिटांत बाहेर यायचे असते. तोवर डोळे लावून बसण्यापेक्षा वैद्यकीय तंबू कोठे आहे, ते पाहून या.

तो बाहेर आला, की वेळ विचारू नका, चेहरा पाहा. सतत खोकला, बोलताना लागणारी धाप, छातीत घरघर, गुलाबी फेसाळ थुंकी ही फुप्फुसांत पाणी साठल्याची लक्षणे असू शकतात. रक्तदाब असलेल्यांत आणि वाढत्या वयात ती अधिक संभवतात, आणि 'खारे पाणी गेले असेल' म्हणून ती हसण्यावारी नेली जातात. अशा वेळी त्याला सायकलीकडे जाऊ देऊ नये. आडवे न झोपवता बसते ठेवून तंबूकडे न्यावे. सायकल नंतर आणता येते.