चिन्हवाटपापूर्वीची निवडणूक

महाराष्ट्रातील २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती यांच्या निवडणुकीचा कार्यक्रम राज्य निवडणूक आयोगाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर केला, तेव्हा त्यात नागपूर जिल्ह्यातील रामटेक नगरपरिषदेचाही समावेश होता. या कार्यक्रमानुसार उमेदवारी अर्ज १० ते १७ नोव्हेंबर या काळात स्वीकारले जाणार होते, १८ तारखेला त्यांची छाननी होणार होती, उमेदवारांची अंतिम यादी चिन्हांसह २६ तारखेला प्रसिद्ध होणार होती आणि मतदानासाठी २ डिसेंबर हा दिवस ठरला होता. चिन्हवाटप आणि मतदान यांच्यात अवघे सहा दिवस उरतात, हे या वेळापत्रकातून सहज दिसून येते. जो मतदार चिन्हे पाहिल्यावर विचार करू लागतो, त्याच्यापुढे जो पर्याय येतो तो बऱ्याच अंशी इतरांनी आधीच ठरवलेला असतो. कारण मतदार यादीत कोणाची नावे राहिली, कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी राखीव झाली आणि पक्षाची उमेदवारी कोणाच्या पदरात पडली, हे तिन्ही निर्णय तोवर होऊन गेलेले असतात.

अमेरिकेत यांपैकी तिसरा निर्णय मतदारांच्या हाती देण्याची पद्धत आहे. तेथे मुख्य निवडणुकीच्या आधी प्राथमिक निवडणूक होते आणि पक्षाचा उमेदवार कोण असावा हे सामान्य मतदार मतपत्रिकेद्वारे ठरवतात. भारतीय कायद्यात अशी तरतूद नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस पक्षाने देशातील मोजक्या मतदारसंघांत तसा प्रयोग केला आणि त्यात महाराष्ट्रातील वर्धा व लातूर हे मतदारसंघ होते. परंतु तेथेही मत देण्याचा अधिकार पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरता आणि कार्यकर्त्यांपुरता मर्यादित होता व पुढे ही प्रथा रुजली नाही. आपल्याकडे पक्षाची अधिकृत उमेदवारी ‘एबी फॉर्म’ने ठरते, म्हणजे कोणत्या पदाधिकाऱ्याला उमेदवारी देण्याचा अधिकार आहे हे सांगणारे आणि उमेदवाराचे नाव कळवणारे असे जोडपत्र ज्याच्या अर्जाला लागते, त्यालाच पक्षाचे चिन्ह मिळते. हा निर्णय बंद दाराआड होत असला तरी तो शून्यात होत नाही. ज्या प्रभागातील रहिवासी इच्छुकांना आधीच बोलावून प्रश्न विचारतात, तेथील पक्षनेतृत्वाला नाव ठरवताना त्या प्रश्नांची दखल घ्यावी लागते, आणि म्हणून मतदाराची तयारी उमेदवारी जाहीर होण्यापूर्वीच सुरू व्हायला हवी.

तयारीची पहिली पायरी मतदार यादी ही आहे आणि नेमकी तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. राज्य निवडणूक आयोगाची स्थापना १९९४ साली झाली. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका घेण्याचे काम अशा आयोगांकडे सोपवले. तथापि हा आयोग स्वतंत्र मतदार यादी तयार करत नाही. भारत निवडणूक आयोगाने विधानसभेसाठी तयार केलेली यादीच एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतली जाते आणि तिची प्रभागवार विभागणी केली जाते. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै होती. म्हणजेच मतदान डिसेंबरात असले तरी ज्याचे नाव १ जुलैच्या यादीत नव्हते, त्याला या निवडणुकीत मत देणे शक्य नव्हते. प्रारूप यादीवर हरकती व सूचना मागवल्या जातात तेव्हा नाव चुकीच्या प्रभागात गेले असल्यास किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून सुटले असल्यास ते दुरुस्त होते, पण मुळात नसलेले नाव त्या टप्प्यावर नव्याने घालता येत नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे दर निवडणुकीत अनेक नागरिक मतदान केंद्रावरून परततात आणि ती खरोखर टाळता येण्याजोगी हानी आहे.

नव्याने नाव नोंदवण्यासाठी नमुना क्रमांक ६ आणि पत्ता बदलण्यासाठी वा तपशील दुरुस्त करण्यासाठी नमुना क्रमांक ८ भरावा लागतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘बीएलओ’ म्हटले जाते त्याच्याकडे, तहसील कार्यालयात किंवा ऑनलाइन हे अर्ज वर्षभर देता येतात. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्याची गणना पूर्वी केवळ १ जानेवारीला होत असे; आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा मानल्या जातात. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी नागपुरात राहणाऱ्या रामटेकच्या तरुणांनी आपले नाव दोन ठिकाणी नाही ना, हेही पाहणे अगत्याचे आहे, कारण २०२५ च्या याद्यांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकित खुणा करण्यात आल्या होत्या आणि अशा मतदारांकडून ते कोणत्या एका केंद्रावर मतदान करणार हे लिहून घेण्याची व्यवस्था होती. रामटेकमध्ये या तरुणांचे महत्त्व विशेष आहे. नगरपरिषदेची त्याआधीची सार्वत्रिक निवडणूक जानेवारी २०१७ मध्ये झाली होती, मुदत संपल्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला आणि परिणामी मधल्या जवळपास नऊ वर्षांत अठरा वर्षांच्या झालेल्या संपूर्ण पिढीला आपल्या गावाचा नगरसेवक निवडण्याची संधीच मिळाली नाही.

दुसरी बाब आरक्षणाची. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनुसूचित जाती व जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, आणि कोणत्या प्रभागात कोणते आरक्षण पडेल हे बहुतांशी जाहीर सोडतीने निश्चित होते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद नागपूर जिल्ह्याने फार जवळून अनुभवला आहे. नागपूर जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये पार पडली होती, परंतु एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी दिला, निवडून आलेल्या इतर मागासवर्गीय सदस्यांच्या जागा रिक्त झाल्या आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या जागांसाठी पुन्हा मतदान घ्यावे लागले. सोडतीच्या दिवशी आपल्या प्रभागाची जागा कोणत्या प्रवर्गासाठी गेली हे ज्याला कळते, त्याला योग्य व्यक्तीला पुढे येण्याचा आग्रह धरण्यासाठी काही आठवडे मिळतात. महिला राखीव जागेवर एखाद्या पुढाऱ्याच्या घरातील नाव केवळ सहीपुरते पुढे केले जाते, ते बहुधा असा आग्रह वेळेवर न धरला गेल्यामुळेच.

उमेदवार पारखायचा तर तो ज्या संस्थेसाठी उभा आहे ती कोणते काम करते हे आधी माहीत असले पाहिजे. १८६७ साली स्थापन झालेल्या रामटेकच्या नगरपालिकेकडे नळाचे पाणी, गटारे, कचरा, पथदिवे, अंतर्गत रस्ते, बाजार, जन्म-मृत्यूची नोंद आणि मालमत्ता कर ही कामे येतात. गडमंदिरावर रामनवमीला आणि त्रिपुरी पौर्णिमेला येणाऱ्या भाविकांच्या गर्दीत रस्त्यांची स्वच्छता कशी राखणार, अंबाळा तलावाच्या परिसरातील कचरा कोण उचलणार, हे प्रश्न नगरसेवकपदाच्या उमेदवाराला विचारण्याजोगे आहेत. याउलट खिंडसी हा सिंचनासाठी बांधलेला तलाव आहे आणि त्याच्या पाण्याच्या वाटपाचे आश्वासन जो नगरसेवकपदाचा उमेदवार देतो, तो आपल्या अधिकाराबाहेरचे बोलतो. तालुक्यातील नगरधन किंवा देवलापार या गावांतील मतदाराचा प्रश्न निराळा आहे, कारण तो ग्रामपंचायतीसाठी मत देतो आणि वेगळ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक व पंचायत समितीच्या गणासाठी एक अशी दोन मते देतो; गावची प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रस्ते यांविषयीची विचारणा त्याने जिल्हा परिषदेच्या उमेदवाराकडे केली पाहिजे.

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि त्यात प्रलंबित फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज व शिक्षण यांची माहिती असते. ही माहिती सार्वजनिक असल्याने ती वाचण्यास कोणाची परवानगी लागत नाही, आणि प्रचारपत्रकापेक्षा ती अधिक उपयोगी ठरते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास स्थानिक निवडणुकीसाठी अपात्र ठरवणारी अट किंवा कराच्या थकबाकीची अट यांमुळेही छाननीत काही अर्ज बाद होतात. आधीच्या सदस्याचे काम तपासायचे असल्यास सभांची इतिवृत्ते आणि अर्थसंकल्प माहितीच्या अधिकाराखाली मागवता येतात; मात्र उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असल्याने निवडणूक जाहीर झाल्यावर केलेला अर्ज मतदानापूर्वी क्वचितच कामी येतो.

प्रत्यक्ष मतदानाची रीत सोपी आहे, पण विधानसभेपेक्षा वेगळी आहे. नगरपरिषदेचा प्रभाग सामान्यतः द्विसदस्यीय असतो आणि नगराध्यक्ष थेट मतदारांकडून निवडला जातो, त्यामुळे अशा प्रभागातील मतदाराला तीन मते द्यावी लागतात. प्रत्येक पदासाठी एक बटण दाबायचे असते, कोणताही उमेदवार पसंत नसेल तर त्या पदापुढील ‘नोटा’चे बटण दाबता येते, आणि सर्व पदांची मते नोंदवल्यानंतरच यंत्राचा लांब आवाज येतो; त्यामुळे एकच बटण दाबून निघणाऱ्याची प्रक्रिया अपुरी राहते. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत मतदानाची चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट यंत्र नव्हते. मतदार ओळखपत्र नसल्यास आधार कार्ड, वाहन परवाना, पॅन कार्ड यांसारख्या मान्य कागदपत्रांपैकी एक चालते. परंतु ओळखपत्र हातात असणे म्हणजे यादीत नाव असणे नव्हे.

रामटेक शहरातील आणि तालुक्यातील वाचकांनी पुढील निवडणुकीच्या घोषणेची वाट न पाहता याच आठवड्यात आपल्या कुटुंबातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव मतदार यादीत शोधावे, ते सापडले नाही तर नमुना क्रमांक ६ भरून बीएलओकडे द्यावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.