ग्रेडलमधील त्रयस्थ प्लगिनांची जोडणी

गेवराई वा माजलगाव तालुक्यातील शिवारात पेरणीपूर्वी गेले असता ट्रॅक्टर एका कारखान्याचा, रोटाव्हेटर दुसऱ्याचा आणि नांगर गावच्या वेल्डिंगच्या दुकानातला, असे दृश्य सहज दिसते. ही औजारे एकाच ट्रॅक्टरास जुळतात, याचे कारण त्याच्या पाठीमागील तीन बिंदूंची जोडणी होय. हॅरी फर्ग्युसन यांची ही पद्धती १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरबरोबर मोठ्या प्रमाणावर बाजारात आली व पुढे तिची मापे प्रमाणित झाली. औजार कोणी घडविले, हे ट्रॅक्टरास ठाऊक असण्याची गरज उरली नाही. सॉफ्टवेअरच्या बिल्ड-साधनांपुढेही असाच प्रश्न होता. तो कसा सुटला, हे येथे पाहावयाचे आहे.

लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रास कळेल अशा रूपात आणणे, तो तपासणे व त्याचे वितरणयोग्य गाठोडे बांधणे, ही कामे योग्य क्रमाने करवून घेतो तो बिल्ड-साधन. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये रचलेले 'मेक' हे या वर्गातील आद्य साधनांपैकी एक. त्यात प्रत्येक कृती आपल्या फाइलीत आपणच लिहावी लागे. मेव्हन व ग्रेडल यांनी इतरांनी रचलेल्या कृती प्लगिनच्या रूपाने आणण्याची सोय केली. बीड किंवा अंबाजोगाई येथे बसून अँड्रॉइडचे अ‍ॅप रचणाऱ्या विद्यार्थ्याची ग्रेडलशी गाठ पडतेच.

जुन्या पद्धतीत या विद्यार्थ्याला तीन गोष्टी लिहाव्या लागत: प्लगिन कोणत्या भांडारात आहे, त्याच्या फाइलीचा संपूर्ण पत्ता व आवृत्ती काय, आणि शेवटी ते लागू करण्याची आज्ञा. त्यातही मौज अशी की, पत्ता 'कॉम.अँड्रॉइड.टूल्स.बिल्ड:ग्रेडल' असा, तर लागू करावयाचे नाव 'कॉम.अँड्रॉइड.अ‍ॅप्लिकेशन'. एकावरून दुसरे ओळखता येणे अशक्यच. परिणामी नवशिका कोठून तरी दहा ओळी उतरवून घेई आणि त्या का लिहिल्या हे त्यास कधीच कळत नसे.

२०१४ मध्ये ग्रेडलच्या २.१ या आवृत्तीने 'प्लगिन्स' नावाचा खंड व त्यासोबत प्लगिनांचे एक मध्यवर्ती भांडार दिले. आता नाव व आवृत्ती एवढी एक ओळ पुरते. नावावरून फाइल शोधण्याची युक्ती साधी आहे. भांडारात प्लगिनच्या नावावरूनच ठरणाऱ्या पत्त्यावर एक लहानशी खूणफाइल ठेवतात आणि ती खऱ्या फाइलीकडे बोट दाखविते. पत्ता लक्षात ठेवण्याचे ओझे वापरणाऱ्याकडून प्रकाशित करणाऱ्याकडे गेले. सुलभता म्हणतात ती वस्तुतः एवढीच.

या सोयीची किंमत मात्र आहे. हा खंड फाइलीच्या आरंभी असावा लागतो व त्यात मनास येईल ती आज्ञा लिहिता येत नाही. प्रारंभी अनेकांस हे बंधन जाचक वाटले. परंतु उरलेली फाइल वाचण्यापूर्वी कोणती प्लगिने येणार हे साधनास निश्चित कळते, ते या बंधनामुळेच. म्हणूनच कोटलिन भाषेत बिल्ड-फाइल लिहिताना संपादक योग्य नावे सुचवू शकतो. संस्थेचे खाजगी भांडार असल्यास त्याचा उल्लेख सेटिंग्जच्या फाइलीत एकदाच करता येतो.

पत्ता जागोजागी लिहिण्याचा धोका जे-सेंटर या भांडाराच्या वेळी दिसून आला. ते बंद करण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली, तेव्हा असंख्य प्रकल्पांच्या फाइलींत त्याचे नाव लिहिलेले होते व अनेकांस आपली फाइल दुरुस्त करावी लागली.

दुसरा धोका सुलभतेतूनच उद्भवतो. सदोष नांगर फार तर एक तास बिघडवील. प्लगिन मात्र वापरणाऱ्याच्या संगणकावर त्याच्याच अधिकाराने चालते आणि त्याच्या सर्व फाइली वाचू शकते. एका ओळीत आणलेल्या परक्या वस्तूची पारख एका ओळीत होत नाही. मध्यवर्ती भांडारात नवे प्लगिन प्रथम येताना त्याची तपासणी होते खरी, तथापि तेवढ्यावर विसंबणे प्रस्तुत लेखकास पुरेसे वाटत नाही. २०२० मधील ६.२ या आवृत्तीपासून उतरविलेल्या फाइलीचा ठसा ताडून पाहण्याची सोय ग्रेडलमध्ये आहे, ती वापरावी.

आवृत्तीचा नेमका आकडा लिहिण्याचा आणखी एक लाभ मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्यास होतो. एकदा उतरविलेले प्लगिन संगणकावरील साठ्यात राहते, आणि आवश्यक त्या इतर फाइलीही तेथे असल्यास 'ऑफलाइन' हा पर्याय देऊन पुढील बिल्ड जाळ्याविना पूर्ण होतो.